शनिवारचा भोंगा

५ मार्च, शनिवार

ही वही ट्रीनानं दिली. रोज संध्याकाळी गाई किती, वासरं किती, कुठल्या कुरणात आहेत, एवढंच लिहायचं म्हणे. वादळानं सगळं उधळून दिलं तर काय होतं नि काय उरलं ते कळायला नको का, असं तिचं म्हणणं. पन्नास वर्षं मी आकडे डोक्यात ठेवले, एक वासरू इकडचं तिकडं झालं नाही, आणि आता सून मला वही देतेय. पहिलीतल्या पोराला देतात तशी.

बरं. गाई ८८. आजपर्यंत व्यालेली वासरं ५२. वळू २. गाई दक्षिणेच्या कुरणात, पहिलारू घराजवळच्या वाड्यात. झालं तिचं काम. उरलेल्या पानावर मी मला हवं ते लिहिणार. ऐकून घ्यायला घरात दुसरं आहे कोण?

आज शनिवार. बारा वाजले आणि भोंगा वाजला नाही. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून गावात ही रीत आहे. आभाळ मोकळं असलं की शनिवारी बरोबर बाराला टोर्नेडोचा भोंगा वाजवून बघायचा. आमच्या फाटकातून चौकातला तो खांब स्वच्छ दिसतो, दीड मैलावर. घड्याळ हातात धरून अंगणात उभा होतो. नुसता वारा. बिस्किट, आमचं कुत्रं, तोंड आभाळाकडे करून जांभया देत होतं. त्यालाही कंटाळा आला असेल. गेल्या वर्षापासून हा असाच आळशीपणा चाललाय. वादळांचा मोसम तोंडावर आला, आणि बंबखान्यातले लोक झोपलेत.

९ मार्च, बुधवार

माझे पत्रे गेले.

गोठ्यामागं मी वीस वर्षं जमवलेले पत्रे, जुन्या फळ्या, काटेरी तारेची भेंडोळी, दोन मोडकी फाटकं, वडिलांची पेरणीची गाडी. सगळं ट्रीनानं भंगारवाल्याला बोलावून उचलून दिलं. मी कुंपण दुरुस्त करायला गेलो होतो. आलो तर नुसती पिवळी जमीन!

"पापा, मी चारदा सांगितलं होतं," म्हणाली. "वारं सुटलं की तो एकेक पत्रा सुरी होतो. गाय कापली जाईल."

चारदा! एकदा तरी सांगितलं असेल तर शपथ. ही बाई आजकाल तोंडात घास धरल्यासारखी बोलते. वेस्ली असा बोलला असता तर मी थोबाडीत दिली असती.

वेस्ली माझा मुलगा. ट्रक उलटून गेला, त्याला चार वर्षं झाली. मला वाटलं होतं, ही माहेरी आर्कान्सासला निघून जाईल. गेली नाही. आठवड्यातले चार दिवस, कधी हे तर कधी ते, गावातल्या पेंडीच्या दुकानात काम करते आणि उरलेला वेळ माझ्या डोक्यावर मिरी वाटते.

गाई ८८, वासरं ५५.

१२ मार्च, शनिवार

भोंगा नाही. कुत्र्याच्या जांभया आहेत.

काल जिल्ह्याच्या शेतीखात्याचा माणूस आला होता, उंटावरून शेळ्या हाकायला. पायात नवे कोरे बूट. ट्रीनानं त्याला कॉफी दिली, पीचचा केक कापला, आणि दोघांनी माझ्याच टेबलावर माझ्याच रानाचा नकाशा पसरला. ठरलं काय, तर वादळाची सूचना आली की तीन फाटकं उघडायची. वाड्याचं, मधलं आणि ओढ्याकाठचं. जनावरं मोठ्या कुरणात सुटी सोडायची, म्हणजे ती आपली आपण बाजूला होतील. गोठा रिकामा ठेवून दार लावायचं, म्हणजे घाबरून परत आत शिरायची नाहीत. आणि फाटकं उघडली की मी तळघरात जाऊन बसायचं.

मी म्हटलं, "हा गोठा माझ्या बापानं बांधलाय. पंचावन्न साली त्यानं सगळी जनावरं आत घेतली, दाराला साखळी घातली, आणि एकाच्या शेपटीचा केससुद्धा हलला नाही. मी सात वर्षांचा होतो, डोळ्यांनी बघितलंय. आम्ही काय इतकी वर्षं गोट्या खेळत होतो?"

"काका, छप्पर बसलं तर गोठा म्हणजे जनावरांची कबर," शेतीवाला म्हणाला.

"आणि शिवाय," मी म्हटलं, "लाल कड्यापाशी वादळ फाटतं. अर्धं उत्तरेला, अर्धं दक्षिणेला. या खोऱ्यात आजवर आलेलं नाही. विचार कुणालाही."

त्यानं ट्रीनाकडे बघितलं, ट्रीनानं नकाशाकडे. मी उठून बाहेर गेलो.

१९ मार्च, शनिवार

भोंगा नाही. बंबखान्याला पत्र टाकलं. सभ्य शब्दांत लिहायचं ठरवलं होतं, दुसऱ्या ओळीला सभ्यता संपली.

ट्रीना दुकानातून आली ती फणफणतच. "सहा वेळा फोन केला, पापा! फाटकाचा बोल्ट किती इंची, एवढंच विचारायचं होतं."

फोन माझ्या उशाशी भिंतीवर आहे. दिवसभर मी घरात. एकदाही वाजला नाही. मी म्हटलं, आधी खोटं बोलायला नीट शिक. ती फोनकडे नुसती बघत राहिली.

२५ मार्च, शुक्रवार

आज तर कमाल झाली. गाईंना लोहचुंबक गिळवले.

गुरांचा डॉक्टर नळी घेऊन आला आणि एकेकीच्या घशात बोटाएवढा चुंबक सोडत गेला. वादळ गेलं की रानभर खिळे नि तारेचे तुकडे पडतात, गाई चरताना गिळतात, तो लोखंडी तुकडा काळजाला जाऊन टोचतो. चुंबक पोटात असला की खिळे तिथंच धरून ठेवतो, पुढं सरकू देत नाही. हे मलाही ठाऊक आहे, पण दोन-चार गाईंना देतात, अख्ख्या कळपाला नाही. त्यावर ट्रीनानं प्रत्येकीच्या ढुंगणावर रंगाच्या खडूनं आमचा फोन नंबर लिहिला. कानात बिल्ला आहे, मांडीवर आमचा डाग आहे, तरी नंबर! शेजारचा डेल्बर्ट कुंपणावर कोपर टेकून बघत होता.

"हॉलिस, तुझ्याही पाठीवर लिहून घे," म्हणाला. "हरवलास तर कुणीतरी आणून टाकेल."

"तुला कोण परत आणेल? नंबर असला तरी लोक हात लावणार नाहीत," मी म्हटलं.

मार्था, माझी सगळ्यात जुनी गाय, चौदा वर्षांची. तिनं डॉक्टरच्या पायावर पाय दिला. शाबास.

२ एप्रिल, शनिवार

आज फेरेल स्वतः आला. बंबखान्याचा प्रमुख. याच्या बापाला मी पोहायला शिकवलंय, आणि हा मला शिकवायला आला.

"हॉलिसकाका, तुमची तीन पत्रं आली. बटण मी माझ्या हातानं दाबतो. गेल्या शनिवारी वाजला, त्याच्या आधी वाजला, आज तर मी दाबून सरळ इकडंच आलोय."

"मग काय मी खोटारडा?"

"तसं नाही म्हणत..." पुढं काहीतरी पुटपुटला. आजकाल सगळे पुटपुटतात. शाळेत मोठ्यानं बोलायला शिकवायचं सोडूनच दिलंय वाटतं.

डेल्बर्टला बोलावलं साक्षीला. तर तोही म्हणतो, वाजला! साठ वर्षांची दोस्ती, आणि हा हरामखोर फेरेलच्या बाजूनं. मी दोघांनाही फाटकाबाहेर काढलं. ट्रीना ओसरीत उभी होती. तोंडात मिठाची गुळणी. आपल्या माणसाची बाजू घ्यायची वेळ आली की घरात कुणी नसतं.

गाई ८८, वासरं ७१. दोघंही खोटं बोलतात.

६ एप्रिल, बुधवार

दुपारी मी वाड्यात खिळे ठोकत होतो. सहज वळून बघतो तर ट्रीना माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर, डोळे पुसतेय. कधीपासून उभी होती देव जाणे. चोरपावलानं यायची नवीनच सवय.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही. तुम्हाला हाक मारत होते," म्हणाली, आणि गेली.

हाक मारायची तर मार की! रडायचं काय त्यात?

११ एप्रिल, सोमवार

अंगणात लाल दिवे लागलेत. एक गोठ्याच्या दारावर, एक ओसरीत माझ्या खुर्चीसमोर. बोडक्यासमोर म्हणायला हवं. रेडिओच्या कसल्याशा डब्याला जोडलेत. हवामानखात्यानं सूचना दिली की हे भप्पकन पेटतात आणि उघडझाप करत राहतात. वीज गेली तरी बॅटरी आहे.

"हे काय, दारूचा गुत्ता उघडतेस?" मी विचारलं.

"मला कानांपेक्षा डोळ्यांचा भरवसा वाटतो," म्हणाली. "माझ्यासाठी लावलाय."

तुझ्यासाठी, तर माझ्या खुर्चीसमोर कशाला? मी आभाळ वाचत म्हातारा झालो. नैऋत्येचा ढग हिरवा पडला, वारा थांबला, गाई एका कोपऱ्यात गोळा झाल्या, की काय ते समजतं. मला दिव्यानं सांगायला नको.

१८ एप्रिल, सोमवार

गाई ८८. वासरं ८०. वळू २. टाक्या भरल्या. शनिवारी भोंगा नाही, पण आता मी बोलणं सोडलंय.

२५ एप्रिल, सोमवार

काल तालीम झाली. ट्रीना घड्याळ घेऊन ओसरीत उभी राहिली, दिवा पेटवला, आणि मी धावलो. वाड्याचं फाटक, मधलं फाटक, ओढ्याकाठचं फाटक, परत तळघर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अकरा मिनिटं! मला वाटलं बाई कौतुक करेल.

"नऊ हवीत, पापा. मी दुकानात असले तर तुम्ही एकटेच. तुम्हाला कळलं नाही तर सगळं संपलं."

मी भडकलो. म्हटलं, या जमिनीवर तू आली नव्हतीस तेव्हापासून मी वादळं बघतोय, मला काय कळत नाही? आणि पाठ फिरवून चालायला लागलो. ती धावत पुढून आली, माझ्यासमोर उभी राहिली, लालबुंद झालेली.

"भांडा! खुशाल भांडा! पण एकदा तरी माझ्याकडे तोंड करून भांडा!"

हे कसलं बोलणं? तोंड करून भांडा म्हणे. रात्री जेवणात घेवडा आणि मक्याचा पाव होता. मी पाव दोनदा घेतला, ते तिनं बघितलं.

३० एप्रिल, शनिवार

आता कळलं सगळं. आता कळलं ती का गेली नाही माहेरी.

टपाल मी आणलं. त्यात लिफाफा, शहरातल्या कुठल्याशा दवाखान्याचा, माझ्या नावाचा. उघडला. "श्री. हॉलिस डनलॅप, मंगळवार १७ मे, सकाळी १०. सोबत घरचं माणूस असावं." वर एका म्हाताऱ्याचं रंगीत चित्र, बत्तीशी दाखवून हसतोय. पुढचं बारीक अक्षर मी वाचलंच नाही. वाचायचं काय? डेल्बर्टच्या भावालाही असंच नेलं होतं. आधी तपासणी, सोबत घरचं माणूस, मग सही, मग म्हाताऱ्यांच्या घरातली खाट आणि दुपारी चारला भोपळ्याचं सूप. म्हणून ही आजकाल कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलते. म्हणून फेरेल आणि डेल्बर्ट म्हणतात भोंगा वाजला. म्हाताऱ्याला वेडा ठरवायचं, आणि रान मोकळं!

लिफाफा चुलीत घातला. मग ओसरीतला तो लाल दिवा उपटला, गोठ्यावरचाही. बॅटऱ्या काढून टेबलाच्या खणात टाकल्या. ती संध्याकाळी आली, तिनं बघितलं नाही. मी सांगितलं नाही.

माझ्या वेस्लीचं रान आहे हे.

५ मे, गुरुवार. डेल्बर्टच्या घरी

लिहितो, कारण आकडे लिहायचे होते आणि काल मी लिहिले नाहीत.

काल बुधवार. ट्रीना दुकानात. दुपारपासून हवा अशी दाट की श्वास घेतल्यावर तोंडात पाणी यावं. साडेचारला नैऋत्येला ढग चढला आणि खालून हिरवा पडला. आमच्याकडे आभाळ असं झालं की कुणी तळघरात जात नाही, आधी अंगणात जातं. मीही गेलो. हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. पलीकडे डेल्बर्टही त्याच्या अंगणात उभा दिसला. तो दोन्ही हात हलवत होता. मीही हात हलवला.

भोंगा वाजला नाही, म्हणजे अजून वेळ आहे, असं मी धरून चाललो. आणि मनात म्हटलं, आज दाखवतोच हिला. वाड्यातल्या एकतीस पहिलारू आणि त्यांची वासरं मी गोठ्यात घेतली. मार्था पुढं चालली की सगळ्या येतात, म्हणून तिलाही घेतलं. दाराला साखळी घातली. साखळी सैल वाटली म्हणून वरून तार पिळली. बापानं केलं होतं तसंच. फाटकं सगळी बंद. ती येईल, बघेल, सगळी जनावरं कोरडी, आत, सुखरूप. मग बोल म्हणावं.

पिकप अंगणात शिरला तो कुंपणाचा खांब पाडूनच. ट्रीना दार उघडं टाकून धावत आली, तोंड उघडं, ओरडतेय. आली शिव्या द्यायला, मी म्हटलं. आणि मी पाठ केली. पाठ केली की तिचं बोलणं बंद होतं, ही माझी जुनी युक्ती.

तिनं मागून माझी कॉलर धरली. गर्रकन फिरवलं. दोन्ही हातांत माझं थोबाड धरलं आणि नैऋत्येला वळवलं.

लाल कडा दिसत नव्हता. कड्याच्या जागी जमिनीपासून आभाळापर्यंत तपकिरी भिंत होती, आणि ती फिरत होती.

पुढचं भराभर झालं. तार निघेना. मीच पिळलेली तार, माझ्याच बोटांना निघेना. ट्रीनानं पिकपमधून कातर आणली, तोडली. आत जनावरं एकमेकींवर चढत होती, एकही बाहेर येईना. मी आत शिरलो आणि मार्थाच्या पाठीवर टोपी हाणली. "चल गं म्हातारे, चल, चल!" ती निघाली. ती निघाली तशा सगळ्या निघाल्या. ट्रीना पुढं धावून मधलं फाटक उघडत होती. वाऱ्यानं फाटक उलटं फिरलं आणि तिच्या खांद्यावर बसलं. ती पडली. मी बघितलं, आणि देवा, मी कधी इतका धावलो नाही.

तळघरापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. रस्त्याखाली मोरी आहे, पाणी जायची, दोन हात रुंद. तिला आत ओढलं, वर मी पडलो.

लोक म्हणतात, आगगाडी अंगावरून जावी तसा आवाज येतो. मला आला नाही. कानांत दाब आला, दात हलले, जमीन हलली, तोंडात माती गेली. पण आवाज म्हणाल तर लांब कुठंतरी कुणी पलंग सरकवावा, एवढाच. ट्रीनानं एक हात कानावर गच्च दाबून माझ्या छातीत तोंड खुपसलं होतं. मी तिला म्हटलं, "एवढा काही मोठा दिसत नाही."

बाहेर आलो. गोठा नव्हता. मोडला नव्हता, नव्हताच. खालचा सिमेंटचा ओटा, आणि त्यावर झाडून काढल्यासारखं स्वच्छ. घराचं अर्धं छप्पर गेलंय.

ट्रीना दवाखान्यात आहे. गळ्याजवळचं हाड मोडलंय. उद्या सोडतील.

रात्री डेल्बर्टनं भाकर टाकावी तशी माझ्यापुढं बशी टाकली. त्याच्या बायकोला म्हणत होता, "तळघराचं दार लावून बसलो होतो, तरी एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं इतका आवाज." मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. मग विचारलं, "भोंगा वाजला होता?"

त्यानं काटा खाली ठेवला. "हॉलिस, वीस मिनिटं वाजत होता. मी तुला हातानं सांगत होतो."

६ मे

हे मी लिहितेय, ट्रीना. डाव्या हातानं, म्हणून अक्षर असं.

आज डेल्बर्टकाका आणि मी रान फिरून मोजलं. गाई ८६. वासरं ८०. वळू २. बिस्किट १. पापा १.

मेलेल्या दोन गाई ओढ्याकाठच्या, पत्र्यानं कापल्या. पत्रे आमचे नव्हते. पहिलारू एकतीसच्या एकतीस जिवंत. मार्था जिवंत.

आकडे बघायला मागची पानं उलटली, ती वाचली. बॅटऱ्या खणात सापडल्या. परत बसवल्या.

७ मे, शनिवार

माझी वही वाचली! विचारलं? नाही विचारलं. कुणाच्या कपाटात हात घालावा तसं झालं हे.

तासभर मी तोंडात शिव्या घोळवत ओसरीच्या मोडक्या पायरीवर बसलो. ट्रीना गळ्यातल्या झोळीत एक हात अडकवून दुसऱ्या हातानं काचा वेचत होती. उठून तिच्याकडे जावं आणि चार शब्द सुनवावे असं दोनदा वाटलं. तिसऱ्यांदा उठलो आणि तिच्या हातातली बादली घेतली. ती काही म्हणाली नाही. लिफाफा जाळला त्याबद्दलही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं, याला येत नाही.

डेल्बर्टही आला, खिळे वेचायला. गोठ्याच्या ओट्यावर बसून म्हणाला, "एक सांगू? पंचावन्नचं वादळ इकडं आलंच नव्हतं. पलीकडच्या खोऱ्यातून गेलं. तुझ्या बापाच्या गोठ्याला झुळूक लागली नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग साठ वर्षं बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू कधी ऐकतोस?"

हे त्यानं माझ्या तोंडासमोर बोलून दाखवलं, आणि मग स्वतःच जीभ चावली. मी हातातले खिळे त्याच्या अंगावर फेकले.

आज भोंगा वाजवणार नाहीत. लोक अजून दचकतात, असं फेरेलनं कळवलंय.

१४ मे, शनिवार

पावणेबाराला पिकप काढला आणि चौकात गेलो. कुणाला सांगितलं नाही. बिस्किट मागं चढून बसलं.

डेल्बर्टवर माझा विश्वास नाही. फेरेलवर तर त्याहून नाही. म्हटलं, खांबापाशीच उभा राहतो. नाही वाजला तर तिथल्या तिथं गचांडी धरतो. आणि वाजला तर... या "तर"च्या पुढं मी गेलो नव्हतो.

खांब उभा आहे. आजूबाजूची तीन झाडं गेली, खांब तसाच. फेरेल खालच्या पेटीशी होता. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"काका, इतक्या जवळ नका थांबू."

"दाब," मी म्हटलं.

त्यानं घड्याळ बघितलं. आभाळ निळं, एक ढग नाही. मी हाताचा पंजा खांबावर ठेवला. लोखंड गार होतं. फेरेलनं बटण दाबलं आणि दोन्ही तळव्यांनी कान झाकून घेतले, डोळे मिटून, खांदे वर चढवून.

खांब थरथरला. तळव्यातून मनगटात, मनगटातून कोपरात, कोपरातून पार दातांपर्यंत तो थरथराट चढला. तारेवरचे पक्षी एकदम उडाले. रस्त्यापलीकडं एक बाई पोराला कडेवर घेऊन चालली होती, तिनं त्याचं डोकं आपल्या छातीशी दाबलं. बिस्किट पिकपच्या फळीवर उभं राहिलं, तोंड आभाळाकडं केलं, गळ्याची शीर ताणली आणि जबडा उघडला. जांभई नव्हती ती. कधीच नव्हती.

आणि मला? बाटलीत माशी अडकावी एवढी गुणगुण. तीसुद्धा, आहे म्हटलं म्हणून आहे.

मी हात काढला नाही. तीन मिनिटं वाजवतात. तीन मिनिटं मी तो खांब धरून उभा होतो आणि मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. फेरेलला नाही, डेल्बर्टला नाही. सहा एप्रिलला ती माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर उभी राहून हाका मारत होती. आणि मी खिळे ठोकत होतो. एकतीस जनावरं मी तारेनं बांधून ठेवली होती. भोंगा वाजत होता, आणि मी डेल्बर्टला हात हलवून दाखवत होतो.

थरथर थांबली. फेरेल काहीतरी बोलला. मी म्हटलं, "माझ्याकडे तोंड करून बोल."

तो वळला. "बरं आहात ना, काका?"

"नाही," मी म्हटलं, आणि गाडीत बसलो.

घरी ट्रीना ताडपत्रीचं टोक दातांत धरून एका हातानं गाठ मारत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. अगदी समोर.

"तो कागद मी जाळला."

"माहीत आहे."

"मला वाटलं, तू मला त्या घरात टाकतेयस."

तिनं ताडपत्री सोडली. आणि मग ती भडकली. चार वर्षांत भडकली नव्हती अशी. "तुम्हाला टाकायचं असतं तर नव्वद मैलांच्या वेगानं वादळाच्या तोंडात पिकप घातला असता का मी? अकरा वेळा फोन केला! मला वाटलं दिवा लागला असेल, मला वाटलं, निदान दिवा तरी... म्हातारा मेला असं धरूनच मी त्या फाटकातून आत आले, पापा!" ओठ थरथरत होते, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. मी एक शब्द सोडला नाही. सगळं बोलून होईपर्यंत तोंड वळवलं नाही.

मग विचारलं, "तारीख कोणती होती? वेळ?"

"सतरा. मंगळवार. सकाळी दहा."

"मग साडेसातला निघू," मी म्हटलं. "गाडी मी चालवणार. तुझं हाड मोडलंय. माझे नुसते कान गेलेत."